नवव्या आठवड्यात मुतखड्याचा संशय, पण सोनोग्राफीत खडा नाही

प्रश्न थोडक्यात असा: नववा आठवडा, उजव्या कुशीतून जांघेत उतरणारी कळ, लघवीत रक्ताचा अंश. सोनोग्राफीचा रिपोर्ट म्हणतो, 'उजव्या किडनीला सौम्य सूज, खडा दिसला नाही.' ही सूज गरोदरपणाची म्हणून सोडून द्यायची का?

सोडू नका. गरोदरपणात उजव्या किडनीला सूज येते हे खरं. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रनलिका (किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणारी नळी) सैलावते आणि वाढलेलं गर्भाशय तिला दाबतं. पण नवव्या आठवड्यात गर्भाशय अजून ओटीपोटाच्या हाडांच्या आतच असतं, ते साधारण बाराव्या आठवड्याला वर येतं. मग दाबणार कसं? एवढ्या लवकर दिसलेली सूज, तीही कळेसोबत, म्हणजे आधी अडथळा शोधायचा.

त्याआधी एक खात्री: गर्भ गर्भाशयातच आहे ना? हे अजून सोनोग्राफीत दिसलेलं नसेल तर खड्याचा विचार बाजूला ठेवून तेच आधी पाहतात. गर्भनलिकेतला गर्भ, अंडाशयाला पडलेला पीळ आणि अपेंडिक्स ही तिन्ही दुखणी अशीच फसवतात. ढोबळ खूण म्हणजे खड्याच्या कळेत माणूस एका जागी टिकत नाही, अपेंडिक्सच्या दुखण्यात हलायलाच नको वाटतं.

पुन्हा सोनोग्राफी करताना मूत्राशय भरलेलं असू द्या आणि मूत्रनलिका कुठपर्यंत फुगली आहे ते विचारा. फुगवटा पार मूत्राशयापर्यंत गेला असेल तर खडा खालच्या टोकाला असण्याची शक्यता मोठी. कलर डॉपलरवर (प्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी) दोन्ही बाजूंनी लघवीची बारीक पिचकारी मूत्राशयात पडताना दिसते. उजवीकडची बराच वेळ दिसली नाही, तर डाव्या कुशीवर वळवून परत पाहतात. खालच्या टोकाचा खडा पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत अनेकदा नजरेतून निसटतो, योनीमार्गाच्या सोनोग्राफीत सापडू शकतो. तिने गर्भाला धोका नाही. तरीही उलगडा झाला नाही तर गॅडोलिनियमशिवाय (चित्र ठळक करायला शिरेतून देतात ते औषध) एमआरआय. सीटी या टप्प्यावर शक्यतो टाळतात.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये एक सापळा आहे. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन गरोदरपणात उतरतं, बहुधा ०.४ ते ०.८ मिग्रॅ/डेसिलिटर राहतं. तेव्हा १.० आलं आणि छापील मर्यादेत बसलं, तरी तुमच्यासाठी ते वाढलेलंच. लघवी मधल्या धारेची (सुरुवातीची थोडी सोडून) द्या, नाहीतर योनीतून होणारं स्पॉटिंग मिसळून 'लघवीत रक्त' दिसतं. लघवीतले जंतू शोधणारी कल्चर तपासणी कराच.

दुखण्यावर पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिग्रॅ, दोन डोसांत किमान सहा तास, दिवसाला ४ ग्रॅमच्या आत. वजन ५० किलोपेक्षा कमी किंवा यकृताचा त्रास असेल तर डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्या. एरवी मुतखड्यावर सर्रास दिलं जाणारं डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका. इंजेक्शन घेण्याआधी 'मी गरोदर आहे' हे मोठ्याने सांगा. कळेच्या गडबडीत नेमकं तेच राहून जातं. पॅरासिटामॉलने भागत नसेल तर रुग्णालयात जा, तिथे देखरेखीखाली मॉर्फिनसारखी औषधं थोडा वेळ देता येतात. खडा विरघळवणारी म्हणून मिळणारी काढे-चूर्णं नकोत. गर्भावरचा परिणाम कुणी तपासलेला नसतो.

कळ चालू असताना पाण्यावर पाणी ढोसू नका. त्याने खडा ढकलला जात नाही, उलट अडलेल्या किडनीवर ताण वाढून कळ आणि उलटी वाढते. कळ ओसरल्यावर दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या.

ताप ३८ अंशांवर किंवा थंडी वाजून हुडहुडी, पाणीही न टिकणारी उलटी, लघवी खूप कमी किंवा बंद, योनीतून रक्तस्राव, किंवा मुळात एकच किडनी: यांपैकी काहीही असलं तर त्याच तासाला रुग्णालय गाठा. अडलेल्या किडनीत जंतुसंसर्ग झाला तर नुसत्या प्रतिजैविकाने भागत नाही, तुंबलेली लघवी बाहेर काढावीच लागते: डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत ठेवायची बारीक नळी) घालून किंवा पाठीतून किडनीत नळी टाकून. गरोदरपणात स्टेंटवर क्षार लवकर चढतात, त्यामुळे तो दर चार ते सहा आठवड्यांनी बदलावा लागतो. संसर्ग नसेल तर दुर्बिणीतून लेझरने खडा काढणं हाही पर्याय असतो. बाहेरून लहरींनी खडा फोडणं मात्र गरोदरपणात वर्ज्य.

ही वेळ बहुतेकींवर येत नाही, खडा आपणहून पडतो. म्हणून प्रत्येक वेळी लघवी बारीक गाळणीतून किंवा गॉजमधून गाळा. वाळूच्या कणाएवढं काही सापडलं तरी कोरड्या डबीत ठेवून तपासायला द्या. आणि खड्याच्या भीतीने कॅल्शियमची गोळी परस्पर बंद करू नका. जेवणाबरोबर घेतली की कॅल्शियम अन्नातल्या ऑक्झलेटला (खडा बनवणारा घटक) आतड्यातच बांधून ठेवतं.