गणित सोडू देऊ नका, बाकीचं पुढे बघू

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. यजमान इतवारीच्या सराफ्यात कारागीर, तुम्ही घरी शिवणकाम करता, मुलगी अकरावीत. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, गणित असे चारही विषय घेतलेले आणि सोबत नीटचा क्लास. पोरगी डॉक्टर होणार असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलेलं. आता ती म्हणते, पेशीच्या पडद्यातून काय आत जातं, काय बाहेर येतं आणि पेशीला शक्ती कुठून मिळते, यावर मला संशोधन करायचंय, बायोफिजिक्स करायचंय. मोठ्या काकांनी त्याला ‘भिकेचे डोहाळे’ म्हटलं आणि त्या रात्री ती न जेवता झोपली. क्लासवाले सांगतात, बारावीला गणित सोडा, तो वेळ बायोलॉजीला द्या. तुमचा प्रश्न असा, की हे खरंच करिअर आहे की नीटच्या भीतीपोटी शोधलेली पळवाट? आणि पत्राच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, ‘पोट भरेल का?’

घाईचं आधी सांगते. गणित सोडू देऊ नका.

काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर असाच एक मुलगा बसला होता. हुशार, कमी बोलणारा. ‘मेडिकलच करायचंय ना, मग गणित कशाला?’ असं त्याला मी म्हटलं. त्याचा मेडिकलला नंबर लागला नाही. बीएस्सीला गेल्यावर त्याला याच विषयाची ओढ लागली आणि प्रत्येक वळणावर गणित आडवं आलं. पदवीनंतरचं अख्खं वर्ष त्याने एकट्याने अकरावी-बारावीचं गणित करण्यात घालवलं. तो सल्ला माझा होता. त्यानंतर मी तो कुणालाही दिलेला नाही.

तुमच्या मुलीला हे लगेच लागू होतं. आयसर म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्र सरकारच्या संस्था. तिथल्या प्रवेशासाठी आयएटी नावाची परीक्षा असते. तीन तास, ६० प्रश्न आणि चारही विषयांचे १५-१५. गणित न घेताही त्या परीक्षेला बसता येतं, पण मग ते १५ प्रश्न कोण सोडवणार? भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईचं सीईबीएस या अशाच संस्थांची नेस्ट ही परीक्षाही आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी यांचा अभ्यास नीटलाही हाच, आयएटीलाही हाच. त्यामुळे डॉक्टर की संशोधन, हे भांडण घरात आज मिटवायची गरजच नाही. तिला दोन्ही परीक्षा देऊ द्या. गणित हातात असलं म्हणजे झालं. आयसर म्हटलं की आपल्याकडे पुणंच डोळ्यांपुढे येतं, पण भोपाळचं आयसर नागपूरला कितीतरी जवळ आहे. सकाळी गाडीत बसलात तर दुपारी मुलीला भेटाल.

आता ती ज्याच्या मागे लागली आहे ते काय आहे, हे तुम्हाला आणि यजमानांना कळलं पाहिजे. ते न कळताच घरात तिच्या भविष्यावर बोलणं चाललंय, असं मला पत्रातून जाणवलं.

मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर जातं, तेव्हा तुम्ही मुलांना मीठ-साखर-लिंबाचं पाणी देता. त्यात साखर का घालतात? आतड्याच्या पेशीच्या पडद्यात एक दार असं आहे, की त्यातून मिठातलं सोडियम आणि साखरेतलं ग्लुकोज जोडीनेच आत जातात. जोडी आत गेली की पाणी मागोमाग जातं. ही जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या पुरेनाशा झाल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजायला सुरुवात केली. ते पाणी मिळालेल्यांमधला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आला. पेशीच्या पडद्याचा अभ्यास कुणाच्या उपयोगाचा, असं काकांनी पुन्हा विचारलं तर त्यांना हे सांगा.

शक्तीचा भाग मला स्वतःला याहून जास्त आवडतो. अन्न जाळून पेशी एटीपी नावाचा पदार्थ बनवते आणि त्यावर तिची सगळी कामं चालतात. माणसाचं शरीर दिवसभरात साधारण स्वतःच्या वजनाइतकं एटीपी बनवतं आणि वापरतं. ते बनतं कसं? अनेक वर्षं शास्त्रज्ञ आपल्या कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रासारखी व्यवस्था शोधत होते. इंधन जळलं, तर त्यातून एखादं मधलं रसायन तयार होत असेल आणि ते ही शक्ती पुढे नेत असेल, असा त्यांचा तर्क. ते रसायन कुणालाच सापडेना. १९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी मांडलं, की इथे तोतलाडोहाच्या धरणावरच्या वीजनिर्मितीसारखा प्रकार आहे. पाठ्यपुस्तकात जिला तंतुकणिका म्हणतात, त्या मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यापलीकडे प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे विद्युतभार असलेले कण, साठवले जातात, धरणात पाणी साठावं तसे, आणि ते एका टर्बाइनमधून परत येताना एटीपी बनतं. हा पडदा मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाइतका पातळ, म्हणजे पाच नॅनोमीटर, आणि त्यावरचा विजेचा दाब दीडशे मिलिव्होल्टच्या घरात. हिशेब केला तर मीटरला तीन कोटी व्होल्ट होतात! तिला हा भागाकार करायला सांगा.

मिचेल यांचं म्हणणं सहजासहजी कुणी मानलं नाही. तब्येतीमुळे त्यांनी एडिंबरा विद्यापीठ सोडलं, कॉर्नवॉलमधला एक जुना वाडा दुरुस्त केला आणि तिथे छोटी प्रयोगशाळा थाटली. नोबेल मिळालं १९७८ मध्ये. त्यांच्या प्रयोगांत जेनिफर मॉयल यांचा वाटा फार मोठा होता, नोबेल मात्र एकट्या मिचेल यांना मिळालं. हे मुलीला आत्ताच माहीत असलेलं बरं. ते टर्बाइन खरोखर गरगर फिरतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिलं. टीबीच्या जंतूचं हेच टर्बाइन अडवणारं बेडाक्विलिन हे औषध आज आपल्या देशातल्या रुग्णांना मिळतं.

आणि आपल्या विदर्भाचं दुखणं, सिकलसेल. त्यात लाल रक्तपेशीच्या पडद्यातून पोटॅशियम गळतं, त्याबरोबर पाणी जातं, पेशी सुकते. आतलं हिमोग्लोबिन दाट झालं की त्याचे ताठ दोर वळले जातात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. गळतीची एक वाट गार्डोस या हंगेरियन शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये दाखवली. ती बंद करणारं औषध बनलं, रुग्णांवर तपासलं गेलं, पेशी सुकणं कमीही झालं. पण वेदनेचे झटके कमी झाले नाहीत. असं का झालं, यावर काम करायला माणसं हवी आहेत. ती विदर्भातली असली तर मला फार आनंद होईल.

‘आधी एमबीबीएस कर, मग संशोधन’ हे यजमानांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पेशीतून सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा सोडियम-पोटॅशियम पंप शोधणारे डेन्मार्कचे येन्स स्को डॉक्टरच होते. भूल देणाऱ्या औषधांचा अभ्यास करता करता ते खेकड्याच्या पायातल्या नसांपर्यंत पोचले आणि १९५७ मध्ये तो पंप सापडला. पोटॅशियम चॅनेलची, म्हणजे पडद्यातल्या पोटॅशियमच्या वाटेची, रचना १९९८ मध्ये उलगडणारे रॉडरिक मॅकिनन हेही डॉक्टर. तिशीच्या आसपास त्यांनी दवाखाना सोडून संशोधन धरलं. पण रोग्याजवळ बसावंसं वाटत असेल तरच ती वाट घ्यावी. नुसती खात्रीची नोकरी म्हणून साडेपाच वर्षं काढली, तर मूळ ओढ त्यात विझून जाते. माझ्यासमोर अशी मुलं बसलेली आहेत.

आता पोटाचं. आयसरची पाच वर्षं झाली की ती तेवीसची होईल. तिथवरचा खर्च तुमचा, त्यात शिष्यवृत्ती मिळाली तर हातभार. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सध्याच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. म्हणजे पीएचडी करताना ती तुमच्यावर ओझं नसेल. पीएचडीला पाच-सहा वर्षं, मग दोन-चार वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरत्या नेमणुकीचं संशोधन, बहुधा परदेशात. कायम नोकरीपर्यंत बत्तीस-तेहतीस वय होतं. हे मी लपवणार नाही. लग्नाचा विषय तुम्ही पत्रात काढला नाहीत, पण घरात तो निघेल, म्हणून वयाचा आकडा आजच सांगून ठेवते. विद्यापीठात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. पण जागा कमी आहेत, आणि पीएचडी झालेली माणसं आपल्याकडच्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवताना तुम्हीही पाहिली असतील. म्हणून मी सांगते, की चांगल्या संस्थेतच पीएचडी करायची, आणि सोबत प्रोग्रॅमिंग, संख्याशास्त्र पक्कं करायचं. औषध कंपन्यांच्या संशोधन विभागात ते चालतं. आयसर नाही मिळालं तर नागपुरात बीएस्सी करून एमएस्सीच्या प्रवेशाची जॅम ही परीक्षा देता येते आणि एमएस्सीला आयआयटीत जाता येतं. ती वाटही चांगली आहे.

राहिली पळवाटीची शंका. ती मला इथे बसून फेडता येणार नाही, पण तुमच्या घरात तिचं उत्तर आहे. या क्षेत्रात दिवस मोजण्यात जातो. केसाहून बारीक टोकाची काचेची नळी पेशीला चिकटवून अब्जांश अँपिअरहूनही कमी प्रवाह मोजायचा, दहादा बिघडतं, अकराव्यांदा जमतं. यजमानांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. रतीच्या अंशाने काम बिघडतं, हे ते रोज अनुभवतात.

एका रविवारी त्यांचा बारीक काटा तिला वापरू द्या. एका बटाट्याचे सारखे पंधरा तुकडे करायचे, प्रत्येक तोलायचा. पाच वाट्यांत सारखं पाणी, पहिलीत मीठ नाही, पुढे अर्धा, एक, दोन, तीन चमचे; प्रत्येक वाटीत तीन तुकडे. तासाभराने पुसून पुन्हा तोलायचे. साध्या पाण्यातला तुकडा फुगतो, खारट पाण्यातला सुकतो. मधे कुठेतरी असं पाणी असतं, ज्यात वजन बदलत नाही. ते नेमकं किती खारट, हे तिने आलेख काढून शोधायचं. तीन तुकड्यांची उत्तरं एकमेकांशी जुळणार नाहीत. तेव्हा ती काय करते ते बघा. कंटाळून उठली, तरी रागावू नका, मला तसं कळवा. ‘तुकडे नीट पुसले नव्हते’ म्हणत पुन्हा नवा बटाटा घेऊन बसली, तर तिला जेवायला हाक मारायची घाई करू नका.

आलेख मला पाठवा, वहीच्या पानाचा फोटो चालेल. आणि बारावीचे विषय कायम करायचा फॉर्म भरण्याआधी कॉलेजात जाऊन गणित तसंच राहील याची खात्री करून घ्या.

तुमची,
करिअर सल्लागार, नागपूर