उशाखालची भाकरी

"मॅडम, आमच्या सासूबाईंना भ्रम झालाय का हो?"

2019च्या दिवाळीनंतरची गोष्ट. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आलेल्या सूनबाईंनी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे विचारलं. सासूबाई 84 वर्षांच्या. रोज लढाईच्या दिवसांची तीच गोष्ट सांगायच्या, दिवेलागणीला घरभर फिरून दिवे बंद करायच्या. त्यात उशाखाली फडक्यात बांधलेली भाकरी सापडली, गादीला मुंग्या लागल्या आणि घरात भांडण पेटलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. जुनी गोष्ट पुन्हापुन्हा सांगणं एवढ्यावरून स्मृतिभ्रंश ठरत नाही. बघायचं असतं ते आजचं. चहात दोनदा साखर पडते का, पैशांचा हिशेब जमतो का, ओळखीच्या गल्लीत वाट चुकते का? आजींचं हे सगळं ठीक होतं. सकाळची गोळी घेतली की नाही, यात मात्र गोंधळ व्हायचा आणि हाक पटकन ऐकू यायची नाही. म्हणून आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. बी-12 जीवनसत्त्व कमी निघालं, कानही मंदावलेले. (दोन दिवसांत एकाएकी बरळणं सुरू झालं तर माझ्याकडे येऊच नका, थेट दवाखाना गाठा. म्हातारपणी लघवीच्या जंतुसंसर्गानेही तसं होतं.)

भाकरीचं कोडं काही सुटलं नव्हतं. "गोष्ट सुरू झाली की विषय बदला, टीव्ही लावा," असं मी सांगून बसले. चूक माझीच. आजींनी दोन दिवस अबोला धरला. मग मीच त्यांच्या घरी गेले.

देवापुढं दिवा लावायला त्यांनी काडेपेटी उघडली. आतली प्रत्येक काडी ब्लेडनं उभी चिरलेली! "एका काडीत दोन येळंचा इस्तू," त्या म्हणाल्या. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ आणि रॉकेल तुटलं, हे आपण पुस्तकात वाचतो. आजींच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की जेवणं उरकली की चिमणी फुंकायची. वडील लामावर, म्हणजे लढाईवर गेलेले. आई ताक घेऊन वळीवड्याच्या छावणीकडं जायची, पाठोपाठ ही आठ वर्षांची पोर.

वळीवड्याला 1943 पासून सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. सायबेरियातून सुटून, इराणमार्गे कोल्हापूर संस्थानात पोचलेले.

"आमास्नी वाटायचं, गोरी मानसं म्हंजे सायेब," आजी म्हणाल्या. "तर ती पोरगी माज्यागत भाकरीकडं बघाय लागली. मी दिली. तिनं निम्मी खाल्ली, निम्मी झग्याच्या खिशात घातली. उद्याला म्हून."

छावणीत त्या मुलीला खायला मिळत होतं. तरीही खिशात घातली.

निघताना सूनबाईंना विचारलं, "भाकरी कधीपासून लपवतात?" त्यांनी बोटं मोजली आणि थांबल्या. "पुरापासून." ऑगस्टमध्ये शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली गेला होता, शहरात दूध-पेट्रोल येईना. यांच्या घरात पाणी आलं नव्हतं. पण मुलगा रिकामी किटली घेऊन परतला होता आणि म्हणाला होता, "उद्याचं काय सांगता येत नाही."

मग उशाशी झाकणाचा डबा ठेवायचं ठरवलं, रोज रात्री त्यात ताजी भाकरी. सकाळी आजींनीच ती गाईला घालायची. दिवे त्यांनी खुशाल बंद करावेत, फक्त न्हाणीच्या वाटेवरचा एक चालू राहील, पडझड नको म्हणून. "आता कुठं लढाई आहे?" असा वाद घालायचा नाही. त्यापेक्षा ताक किती शेर न्यायचात, ते विचारायचं.

बी-12ची इंजेक्शनं झाली, गोळ्यांचा गोंधळ कमी झाला. कानाचं यंत्र आजींनी चार दिवसांत कपाटात टाकलं.

महिन्यानं सूनबाईंचा फोन आला. "मुंग्या गेल्या. गोष्ट रोज होतेच. रात्री डबा उघडून बघतात, झाकण लावतात आणि झोपतात. काल मला म्हणाल्या, तुजा डबा कुठाय?"