रक्तपात झालेल्या भागात रोजच्या व्यापारातून शांतता परत येते का? आमच्या छोट्या संस्थेने सुरुवात कुठून करावी?

येते, पण अहवालांत लिहितात तशी नाही. ‘एकत्र धंदा केला की मनं जुळतात’ हे वाक्य साहेबांच्या हुकमावरून मीच कितीदा टाइप केलंय. मनं जुळलेली काही मी पाहिली नाहीत. अडकलेले पैसे पाहिले.

अशाच एका भागातल्या मदत प्रकल्पात मी हिशेब बघायचो. भागाचं नाव देत नाही, ती माणसं अजून तिथेच राहतात. मारामाऱ्या थांबल्यावर दोन्ही समाजांचा आठवडी बाजार पुन्हा भरू लागला होता. साहेबांना त्यात रस नव्हता, त्यांचा सगळा भर संवाद शिबिरांवर. गोल करून बसायचं, मन मोकळं करायचं, सही करून प्रवासभत्ता घ्यायचा. भत्त्याची पत्रकं माझ्याकडे असत म्हणून सांगतो: सह्या दोन्ही समाजांच्या, परतीच्या गाड्या मात्र वेगवेगळ्या.

बाजारात खरी कटकट वजनावरून. ‘ते काटा मारतात’ ही तक्रार दोन्हीकडून यायची, अगदी त्याच शब्दांत. जिथे मुडदे पडलेत तिथे मापातलं पाप एका दुकानदाराचं राहत नाही, अख्ख्या समाजाच्या नावावर चढतं. मी म्हटलं, एक सामाईक काटा घेऊ. साहेब म्हणाले, “शांततेच्या प्रकल्पात काटा कुठल्या सदरात दाखवायचा?” बरीच हुज्जत घालून तो ‘इतर साहित्या’त बसवला. प्रमाणित वजनं एका पेटीत, पेटीला दोन कुलपं, एकेक किल्ली एकेका बाजूच्या माणसाकडे. दोघे आल्याशिवाय पेटी उघडायची नाही. आधी सगळ्यांदेखत ती वजनं ठेवून काटा तपासायचा, मग माल चढवायचा. ते दोघे एकमेकांशी धड बोलतही नसत. किल्ली फिरवायची, आकडा बघायचा, बाजूला व्हायचं.

पण वजनाचा वाद मिटला तशी उधारी सुरू झाली, आणि फरक पडला तो उधारीने. एकदा अफवा उठली की पलीकडे कुणाला तरी कापलं. पूर्वी अशा वेळी आधी जमाव निघायचा. या खेपेला आधी फोन गेले, कारण इकडच्यांचा माल तिकडच्या गोदामात पडला होता आणि पैसे यायचे होते. अफवा खोटी निघाली. शिबिरात गोल करून बसलेल्यांपैकी कुणी कुणाला फोन केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

बाजार म्हणजे रामबाण, असंही समजू नका. बोस्नियात युद्ध थांबवणाऱ्या १९९५च्या डेटन करारानंतर ब्रच्को शहराजवळ, नाटो सैन्याच्या नाक्यालगत ‘ॲरिझोना’ बाजार उभा राहिला. युद्धात एकमेकांशी लढलेले सर्ब, क्रोएट, बोस्नियाक तिन्ही समाज तिथे खरेदी-विक्री करत. पुढे तोच बाजार तस्करीसाठी आणि बायकांच्या विक्रीसाठी बदनाम झाला. जॉर्जियात, फुटून निघालेल्या दक्षिण ओसेशियाच्या हद्दीजवळ एर्गनेती गावी जॉर्जियन आणि ओसेशियन लोकांचा बाजार भरायचा. तस्करीचा अड्डा म्हणून सरकारने तो २००४मध्ये बंद पाडला. आरोप खोटा नव्हता. पण त्याच उन्हाळ्यात तिथे चकमकी झाल्या आणि २००८मध्ये युद्ध. बाजार असता तर युद्ध टळलं असतं असं मी म्हणणार नाही, पण दोन्हीकडच्या माणसांची गाठ पडायची मोठी जागा गेली. काश्मिरात नियंत्रण रेषेवरचा व्यापारही २००८मध्ये सुरू झाला, मालाच्या बदल्यात माल. शस्त्रं, अमली पदार्थ आणि बनावट नोटा येतात म्हणून भारताने तो एप्रिल २०१९मध्ये थांबवला. म्हणजे नियम आणि देखरेख ढिली असली की बाजार बंद पाडायला कारण आयतंच मिळतं.

आणि हो, आमच्याकडे दोन्ही बाजूंना छोटे व्यापारी होते. जिथे दुकानं सगळी एकाची आणि हमाली दुसऱ्याची, तिथे उधारीने उलट आग भडकेल. चालू गोळीबारात तर यातलं काहीच लागू नाही.

तुमच्या संस्थेने आधी बाजारात जाऊन बसावं. भांडण वजनावरून होतं, पावतीवरून, वाहतुकीवरून की जागेच्या वसुलीवरून, ते बघावं आणि त्यातलं एकच हातात घ्यावं. निधी देणारे शिबिरंच मागत असतील तर शिबिरंही घ्या. फक्त एकदा प्रवासभत्ता बंद करून बघा, किती जण येतात ते.