बेस बंद झाला, म्हणून राजीनामा गृहीत धरता येतो का?

एका प्रादेशिक विमान कंपनीत एटीआर ७२ विमानावर फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) असलेल्या वाचकाचे पत्र थोडक्यात असे आहे. नोकरीला तीन वर्षे दोन महिने झाली आहेत. नेमणूक पत्रात होम बेस पुणे असा आहे, आणि त्याखालीच कंपनी गरजेनुसार भारतात कोठेही बदली करू शकेल, असेही कलम आहे. गेल्या आठवड्यात ईमेल आला, की पुण्याचा बेस महिनाअखेरीस बंद होत आहे. दहा दिवसांत स्वखर्चाने कोलकात्याला रुजू व्हावे, अन्यथा ‘आपण स्वेच्छेने राजीनामा दिला आहे, असे मानले जाईल’. करारानुसार दोन्ही बाजूंना सहा महिन्यांची नोटीस बंधनकारक आहे. टाइप रेटिंगच्या, म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याच्या प्रशिक्षण व पात्रतेच्या, खर्चापोटी पाच वर्षांचा बारा लाखांचा बाँड आहे आणि त्यासाठी सही केलेले कोरे धनादेश कंपनीच्या ताब्यात आहेत. वडिलांचे डायलिसिस पुण्यात आठवड्यातून तीनदा चालते. अशा वेळी राजीनामा देऊन मोकळे व्हावे का, असे ते विचारतात.

आपण राजीनामा देऊ नये. त्या ईमेलमधील एका वाक्याने देणे-घेणे कसे उलटते, ते आधी पाहा. कंपनीने आपली सेवा संपवली, तर करारानुसार सहा महिन्यांच्या नोटिशीचा पगार तिला आपल्याला द्यावा लागतो. आपण राजीनामा दिला, किंवा दिला असे मानू दिले, तर तोच सहा महिन्यांचा पगार ती आपल्याकडून मागू शकते, आणि वर बाँडचे बारा लाखही. बेस बंद करण्याचा निर्णय तिचा असूनही त्याचा भुर्दंड आपल्या सहीने आपल्यावर येतो, म्हणून पुढच्या दहा दिवसांत आपण कशावर सही करता याला माझ्या लेखी सर्वांत जास्त महत्त्व आहे.

बेस बंद करण्यापासून कंपनीला रोखता येईल, असे मी सांगणार नाही. लहान शहरांना हवाईमार्गाने जोडणाऱ्या उडान योजनेतील मार्गांना सरकारकडून मिळणारे तूट भरून काढणारे अर्थसाहाय्य साधारणतः तीन वर्षांपुरते असते आणि ते संपल्यावर अनेक मार्ग आतबट्ट्याचे ठरतात. अशा व्यावसायिक निर्णयात न्यायालय सहसा हात घालत नाही. बदलीचे कलम ही आपली कमकुवत बाजू आहे, हेही मान्य करायला हवे. बदली हा नोकरीचा भागच मानला जातो, आणि आकस किंवा नियमभंग दाखवता आला नाही, तर ती रद्द होणे कठीण असते. म्हणून ‘मी कोलकात्याला जाणार नाही’ असे सरळ लिहून देऊ नका. मात्र बदली करण्याचा अधिकार आणि बदलीवर न गेलेल्याचा राजीनामा गृहीत धरण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हुकूम मोडला असे कंपनीला वाटत असेल, तर तिने आरोपपत्र द्यावे, चौकशी करावी आणि आपले म्हणणे ऐकावे. गैरहजेरीच्या कारणाने, चौकशीविना, आपोआप सेवा संपल्याचे मानणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या १९९३ च्या निकालात म्हटले आहे.

यापुढचा प्रश्न आपण कायद्याच्या भाषेत ‘कामगार’ आहात का, हा आहे. वैमानिकाचा पगार पाहून अनेक जण, काही वकीलही, ‘नाही’ असे उत्तर देतात. ते बरोबर नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत अठरा हजारांची पगारमर्यादा पर्यवेक्षकीय काम करणाऱ्यांसाठी आहे. मुख्य काम कुशल वा तांत्रिक असेल, तर पगार कितीही असला तरी बिघडत नाही. किंग एअरवेजच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली वैमानिकांना कामगार मानले. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नसला, तरी वजनदार आहे, आणि फर्स्ट ऑफिसरची बाजू कमांडरपेक्षाही (मुख्य वैमानिकापेक्षाही) भक्कम असते.

आपण कामगार ठरलात आणि कंपनीने कामगार कपात म्हणून आपल्याला कमी केले, तर एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे आपल्या बाबतीत पंचेचाळीस दिवसांचा, इतकी भरपाई मिळते. ही रक्कम मोठी नाही. कपातीच्या क्रमाचा नियम मात्र अधिक उपयोगी आहे. साऱ्या वैमानिकांची ज्येष्ठतायादी एक, रोस्टर (ड्यूटीचे वेळापत्रक) एकाच ठिकाणाहून निघणारे आणि कंपनीचा परवानाही एकच असेल, तर पुण्याचा बेस हा स्वतंत्र उपक्रम होता असे म्हणणे कंपनीला जड जाईल. उपक्रम एक की वेगवेगळे, हे कामकाजाच्या परस्परावलंबनावरून ठरवावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड सिमेंटच्या १९६० च्या खटल्यापासून मांडलेले आहे. उपक्रम एकच ठरला, तर त्या श्रेणीत शेवटी आलेल्याला आधी कमी करावे लागते, आणि ‘पुण्यात होता म्हणून काढला’ हे कारण पुरत नाही. आपल्यानंतर रुजू झालेले किती फर्स्ट ऑफिसर आज कोलकात्यात किंवा इतरत्र उडत आहेत, ते आजच टिपून ठेवा.

होम बेस हा शब्दही नीट वाचायला हवा. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) उड्डाण-ड्यूटीच्या नियमांत, जेथून ड्यूटी नेहमी सुरू होते व जेथे संपते, आणि जेथे राहण्याची सोय करणे हे साधारणतः कंपनीचे काम नसते, ते ठिकाण म्हणजे होम बेस. जोवर आपला होम बेस पुणे आहे, तोवर कोलकात्याहून उड्डाण करण्यासाठी तिथे नेणे हे पोझिशनिंग (कंपनीने ड्यूटीसाठी वैमानिकाला दुसऱ्या ठिकाणी नेणे) ठरते, त्याचा वेळ ड्यूटीत धरला जातो आणि हॉटेल कंपनीचे असते. होम बेस कोलकाता झाला, की तोच प्रवास आपल्या सुटीतून आणि आपल्या खिशातून होतो. वडिलांच्या डायलिसिससाठी आपण सुटीच्या दिवशी पुण्याला ये-जा करू लागलात, तर ती धावपळ रोस्टरवर कोठेच दिसणार नाही आणि थकवा मात्र कॉकपिटमध्ये आपल्याबरोबर येईल. याची मला खरोखर काळजी वाटते. म्हणून होम बेस कोणत्या तारखेपासून, कोणत्या लेखी आदेशाने बदलला, आणि त्यामुळे कोणते भत्ते गेले, हे लेखी विचारा. भत्ते किंवा कामाच्या वेळा यांत बदल होत असेल, तर संहितेप्रमाणे एकवीस दिवसांची पूर्वसूचना लागते. दहा दिवसांचा ईमेल तिथेही अपुरा पडतो.

मुदत संपण्याआधी उत्तर पाठवा. त्यात आपण राजीनामा दिलेला नाही व देण्याचा इरादाही नाही, हे पहिल्या ओळीत लिहा. वडिलांचे रुग्णालयाचे कागद जोडून तीन महिन्यांची सवलत किंवा जवळचा बेस मागा. आणि सवलत नाकारली गेल्यास सर्व हक्क राखून, निषेध नोंदवून रुजू होईन, असे कळवा. प्रत्यक्षात तशी वेळ आली, तर रुजू व्हाच. घरी बसल्यास नव्वद दिवसांत ठरावीक टेकऑफ-लँडिंग करण्याची अट आणि सहामाही प्रवीणता चाचणी हातची जाईल, आणि चालू परवान्यावाचून नवी नोकरी मिळणे अवघड होईल.

बाँडबाबत सावध राहा. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये असा बाँड वैध ठरवलेला आहे, त्यामुळे तो कागद मुळातच बेकायदा असल्याची समजूत मनात ठेवू नका. आपला बचाव वेगळा आहे. करार मोडण्याची वेळ कंपनीनेच आणली, तर स्वतःच्या कृतीचा फायदा तिला घेता येत नाही. शिवाय करार कायद्याच्या कलम ७४ खाली बारा लाख ही फक्त कमाल मर्यादा ठरते, आणि पाचांपैकी तीन वर्षे आपण सेवा दिलेली आहे. हा बचाव राजीनाम्याच्या सहीबरोबर बराचसा संपतो. कोऱ्या धनादेशांचे पेमेंट बँकेतून थांबवून प्रश्न सुटत नाही, कारण तसे केल्यानेही धनादेश न वटल्याबद्दल कलम १३८ ची फिर्याद होऊ शकते. ते केवळ बाँडच्या तारणापोटी दिले होते, आज कोणतेही देणे नाही आणि ते परत करावेत, असे धनादेशांच्या क्रमांकांसह उत्तरातच लिहा. तरीही धनादेश वटवण्याचा प्रयत्न झाला आणि नोटीस आली, तर पैसे भरण्यासाठी पंधराच दिवस असतात; त्याच दिवशी वकील गाठा.

पुढेमागे आपणच दुसरी कंपनी निवडलीत, तर डीजीसीएच्या नियमांनुसार फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. त्या काळात कंपनीने पगार वा सेवाशर्ती आपल्या तोट्याच्या केल्या, तर मुदतीआधी मोकळे करण्याची विनंती करण्याची मुभा त्याच नियमांत आहे.

दाद कोठे मागायची, यात पुण्यात हमखास चूक होते. हवाई वाहतुकीसाठी केंद्र सरकार हे समुचित सरकार (कामगार कायद्याखाली अधिकार असलेले सरकार) असल्याने राज्याच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली येथील कामगार न्यायालयात जाऊ नका. तिथे अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावरच महिने जातील. सेवा संपवली गेली, तर केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेतील समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करा. पंचेचाळीस दिवसांत तोडगा निघाला नाही, तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येते, आणि त्यासाठी सेवासमाप्तीपासून दोन वर्षांची मुदत असते.

कंपनीचा मेल बंद होण्याआधी नेमणूक पत्र, बाँड, गेल्या वर्षाची रोस्टर, पगारपत्रके आणि तो ईमेल स्वतःच्या खात्यावर उतरवून घ्या. उत्तराचा मसुदा पाठवण्याआधी मला दाखवलात, तर धनादेशांचा परिच्छेद मी स्वतः तपासून देईन.