साठी ओलांडलेल्या आईबाबांना घेऊन युरोपात तलावाकाठी आरामात सायकल चालवायची आहे, कुठे जावं?

डोळे झाकून बोडनसे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड तिघांचेही काठ त्याला लागतात आणि रस्ता बहुतेक सपाट आहे. मी श्टुटगार्टला राहतो, भारतातून पाहुणे आले की मी आधी तिकडेच नेतो.

पूर्ण प्रदक्षिणा 260 किमीच्या आसपास होते, पण आईबाबा सोबत असतील तर तिच्या नादी लागूच नका. त्यापेक्षा स्विस सीमेला लागूनच असलेल्या जर्मनीतल्या कोन्स्टान्झहून फेरीबोटीने मेअर्सबुर्गला जा, पंधरा मिनिटं लागतात, गाड्यांच्या रांगेशेजारून सायकल हाताने ढकलत चढायचं. तिथून हाग्नाऊ, इमेनश्टाट करत फ्रीडरिक्सहाफेन, म्हणजे साधारण 20 किमी, बस्स, तिथेच मुक्काम. झेपेलिन म्हणजे जुन्या महाकाय हवाई जहाजांचं म्युझियम बघा. दुसऱ्या दिवशी बोटीने पलीकडे स्वित्झर्लंडमधलं रोमान्सहॉर्न गाठायचं आणि तिथून काठाकाठाने पुन्हा कोन्स्टान्झ, तेही 20च्या आसपास. दमलात तर सायकलसकट ट्रेनमध्ये बसा, स्विस बाजूला रूळ बराच वेळ रस्त्याच्या सोबतीनेच जातात.

या दिशेने गेलात की पाणी कायम उजव्या हाताला राहतं आणि तिकडे चालवतातही उजवीकडूनच, त्यामुळे तलावाची बाजू तुम्हालाच मिळते. सप्टेंबर जमला तर उत्तम, जुलै-ऑगस्टमध्ये फार गर्दी. सप्टेंबरात सफरचंदं तयार असतात, शेताच्या कडेला टेबलावर पिशव्या भरून ठेवलेल्या, किंमत पाटीवर, शेजारी पैशाचा डबा आणि विकायला कोणीच नाही! आपण मोजून नाणी टाकायची आणि पिशवी उचलायची. माझ्या आईला त्या डब्याचं इतकं कौतुक वाटलं की घरी फोनवर सगळ्यांना तेच सांगत होती.

काठावर नारिंगी दिवे लुकलुकताना दिसले तर ती वाऱ्याची सूचना असते, जोरात लुकलुकायला लागले म्हणजे वादळाची, तेव्हा पाण्यात उतरू नका.

शेंगेन व्हिसा तिन्ही देशांत चालतो, पासपोर्ट मात्र जवळ ठेवा. थोडे स्विस फ्रँक घ्या. आणि फोनचं रोमिंग बघा, युरोपियन युनियनच्या पॅकमध्ये स्वित्झर्लंड असेलच असं नाही आणि कोन्स्टान्झमध्ये उभं राहूनही फोन पलीकडचं नेटवर्क पकडतो.

एक महत्त्वाचं, भाड्याच्या बऱ्याच सायकलींना उलटं पेडल मारलं की ब्रेक लागतो. आपल्याला रिकामं उलटं फिरवायची सवय, त्यामुळे दचकायला होतं. घेतानाच विचारा, आणि दोघांनाही दुकानासमोर दोन-चार चकरा मारायला लावा.