लॉनवर पाणी तुंबतंय, नवं लावू का?

प्रश्न : आमच्या बंगल्यापुढे 20 बाय 25 फुटांचं लॉन आहे. काळ्या जमिनीवर लाल मातीचा थर देऊन तीन वर्षांपूर्वी सिलेक्शन वन गवत लावलं. पावसाळ्यात फाटकाजवळ दोन-दोन दिवस पाणी साचतं, गवत पिवळं पडून डाग पडतात आणि त्यांत लव्हाळा माजतो. माळीमामा दर महिन्याला रोलर फिरवतात, युरियाही देतात. लॉन काढून नवं लावावं का? – एक वाचिका, सांगली

उत्तर : ताई, लॉन उखडू नका, रोलर मात्र आजच बंद करा. नव्या गवताची मुळं मातीला टेकावीत म्हणून तो एकदा हलका फिरवणं ठीक. ओल्या जमिनीवर दर महिन्याला फिरवला की मातीतल्या पोकळ्या दबतात, मग मुळांना हवा नाही आणि पाण्याला वाट नाही. युरियाने पाती चार दिवस हिरवी दिसतात, खाली मूळ गुदमरलेलंच राहतं.

डागाच्या कडेला खुरप्याने वीतभर खोल चौकोनी तुकडा काढून बघा. माझ्या अंगणातही असाच थर होता. वर चार बोटं लाल माती, खाली काळी, आणि दोन्हींच्या सांध्यावर करडी, कुजकट वासाची पट्टी. पांढरी मुळं सांध्यापर्यंत सरळ आली होती आणि तिथून आडवी वळली होती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यातल्या भेगा मिटतात, आणि लाल मातीत मुरलेलं पाणी त्या सांध्यावरच अडून बसतं.

म्हणून भोकं सांध्याच्या खाली जायला हवीत, आणि भोकातली माती बाहेर यायला हवी. खिळ्यांचे बूट घालून लॉनवर चालण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. खिळा चिकण माती बाजूला दाबून भोकाची भिंत आणखी घट्ट करतो. अर्धा इंची लोखंडी पाइपचं एक टोक तासून धारदार करून घ्या. तो पाच-सहा इंच ठोकायचा, पिळायचा, उपसायचा आणि आत अडकलेली मातीची कांडी सळईने ढकलून काढायची. भोकांत चार-चार इंचांचं अंतर ठेवा. या हिशेबाने तुमच्या पूर्ण लॉनला साडेचार हजार भोकं होतील, तेव्हा डाग आणि फाटकाजवळची तुडवली जाणारी पट्टी एवढंच करा.

हे काम वाफशावरच, म्हणजे माती फार ओलीही नाही आणि कोरडीही नाही अशा वेळी करायचं. मूठभर माती दाबा. गोळा होऊन अंगठ्याने फुटला तर सुरू करा, बोटांना चिकटला तर थांबा. जूनच्या पहिल्या सरींनंतरची उघडीप मला सगळ्यात आवडते, कारण गवत जोमात असतं आणि जखम लवकर भरते.

मग दोन घमेली धुतलेली वाळू आणि एक घमेलं चाळलेलं शेणखत कालवून खराट्याने भोकांत लोटा. पात्यांची टोकं वर दिसली पाहिजेत. क्रशरची कच वापरू नका, तिच्यातली भुकटी ओली होऊन भोकं बुजवते. जिप्समही कुणी सांगेल. ते चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या जमिनीला उपयोगी, त्यामुळे माती तपासल्याशिवाय विकत आणू नका.

एवढ्यावर थांबलात तर फाटकाजवळची भोकं पाण्याची मडकी होतील, कारण खालच्या काळ्या मातीत पाणी अगदी सावकाश उतरतं. तिथून रस्त्याच्या गटारापर्यंत हातभर खोल चर काढा, 10 फुटांना 2 इंच उतार द्या, खडी भरून वर गोणपाट आणि माती घाला. येण्याजाण्याच्या वाटेवर चार फरशा टाका.

लव्हाळा नुसता कापू नका, खुरप्याने गाठीसकट काढा. त्याच जागी लॉनच्या निरोगी कडेच्या मुळं फुटलेल्या कांड्या वीतभर अंतराने टोचा. त्या धरेपर्यंत मुलांना तिथे खेळू देऊ नका.