गृह आधार बंद झालंय? उत्पन्न दोनदा मोजलंय का, ते आधी बघा

ताई, 'नवरा-बायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न 3 लाखांवर जातं' एवढंच सांगून तुमचा गृह आधारचा, म्हणजे गोवा सरकार गृहिणींना दरमहा देतं त्या मदतीचा, हप्ता थांबवलाय, आणि दोघंही आयकर विवरणपत्र भरता, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या घरी नेमका हाच घोळ झाला होता, म्हणून लिहितेय. बाकीच्या अटी तुम्हाला ठाऊक असणारच.

गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याखालच्या, म्हणजे मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते अशा, जोडप्यांना 31 मार्च 2026 पर्यंतच्या उत्पन्नासाठी 1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 5अ लागतं; पुढे 2025 च्या नव्या कायद्यातही हीच वाटणी आहे. पगार ज्याचा त्याच्या नावावर, बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं. समजा, यजमानांचा वर्षाचा पगार 1,60,000 आणि दुकानाचा नफा 96,000. घरात आले 2,56,000. विवरणपत्रांत मात्र नफ्यातले 48,000 तुमच्या नावावर दिसतात. कारकून यजमानांचा पगार आणि पूर्ण नफा उत्पन्नाच्या दाखल्यावरून घेतो, वर तुमच्या विवरणपत्रातले 48,000 मिळवतो. झाले 3,04,000, आणि बाई अपात्र! न कमावलेल्या पैशांपायी हक्काचे महिन्याचे 1,500 रुपये जातात, आणि समोरचा कागद उघडून बघायलाही तयार नसतो. याचा मला आजही संताप येतो.

तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नका. ज्या खात्याने हप्ता थांबवला त्याला लेखी पत्र द्या. त्याला दोघांच्या विवरणपत्रांतली 5अ ची अनुसूची (निम्म्या-निम्म्या वाटणीचा तक्ता) जोडा, वरची बेरीज-वजाबाकी एका पानावर मांडा आणि स्वतःच्या प्रतीवर पोच-शिक्का घ्या. सोबत 10 रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा. 'का बंद केलं' असं विचारू नका. फाइलवरच्या टिपणीची आणि उत्पन्न कसं मोजलं त्या कागदाची प्रत मागा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर त्याच खात्यात पहिलं अपील.

'नवा अर्ज भरा' असं सांगतील. माझं मत विचाराल तर एवढ्यात भरू नका. आधी जुन्या फाइलवर लेखी निर्णय घ्या, नाहीतर थकलेल्या हप्त्यांची मागणी मागे पडते.

मी वकील नाही. लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केला असेल तर हा हिशेब बदलतो, तेव्हा कागद जाणत्याला दाखवाच. विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो, 1987 च्या कायद्याचं कलम 12. प्रकरण पर्वरीच्या उच्च न्यायालयापर्यंत न्यायचं झालं तरी ही मदत मागता येते.

आणि हो, घरभाडं येत असेल तर विवरणपत्रात 30 टक्के वजावट होऊन आकडा लागतो, दाखल्यावर पूर्ण भाडं असतं. हा फरक पत्रात आधीच लिहून टाका.